लहान महाविद्यालय आणि जीवशास्त्राची पदवी

चेन्नईच्या नैऋत्येस कांचीपुरम जिल्ह्यात असलेले ओरगडम हे मोटार उद्योगाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. रेनो-निस्सानचा येथील कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. पुढे वैद्यकीय उपकरण उद्यानासाठीही याच परिसराची निवड झाली. केंद्र शासनाच्या २०२० च्या योजनेनुसार हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश व तामिळनाडू या चार राज्यांची निवड झाली असून प्रत्येक उद्यानास कमाल १०० कोटी रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे. या उद्योगाला अभियंत्यांप्रमाणेच निर्जंतुकीकरण व सूक्ष्मजीव चाचणी जाणणारे पदवीधरही लागतात. लहान महाविद्यालयातील जीवशास्त्राची पदवी त्यासाठी पुरेशी ठरते काय, हा प्रश्न ओरगडमपुरता मर्यादित नाही.

संलग्नतेची चौकट

१८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे स्थापन झाली. अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठाची आणि अध्यापन महाविद्यालयाचे, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. त्यामुळे प्रश्नपत्रिका सर्वांना सारखी असली तरी प्रयोगशाळा सारखी नसते. एका सूक्ष्मदर्शकामागे दोन विद्यार्थी आहेत की दहा, हे गुणपत्रिकेत दिसत नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मात्र ते उघड होते.

प्रात्यक्षिकांचे स्वरूपही बदलले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणी विच्छेदनावर २०११ मध्ये मर्यादा घातल्या व २०१४ मध्ये ते थांबविण्याचे निर्देश दिले. साहजिकच क्षेत्र-अभ्यासाचे महत्त्व वाढले. या बाबतीत लहान महाविद्यालय दुबळे असतेच असे नाही. ओरगडमहून जाणाऱ्या रस्त्यावरच वंडलूरचे प्राणिसंग्रहालय आहे, तर शेजारच्या चेंगलपट्टू जिल्ह्यातील वेदांतांगल पक्षी अभयारण्यास २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

साहाय्याच्या योजना

जैवतंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये स्टार महाविद्यालय योजना सुरू केली. पदवी स्तरावरील विज्ञान विभागांना उपकरणे, रसायने, शिक्षक प्रशिक्षण व क्षेत्रभेटी यांसाठी तीतून साहाय्य मिळते. २०२१ मध्ये तिला मार्गदर्शन कार्यक्रमाची जोड देण्यात आली. सक्षम महाविद्यालयाने परिसरातील इतरांना हात द्यावा, हा त्यामागील विचार होय. देशातील तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती विद्यार्थी व शिक्षक या दोघांनाही खुली असते.

धोरणापुढील पेच

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार संलग्नता पद्धती पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावयाची असून, ३,००० वा अधिक विद्यार्थ्यांच्या बहुविद्याशाखीय संस्था उभ्या करावयाच्या आहेत. साधनसामग्रीच्या दृष्टीने हे युक्त आहे. तथापि दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार देशात ४५,४७३ महाविद्यालये होती. विज्ञान शाखेतील ५७.२ लाख विद्यार्थ्यांपैकी २९.८ लाख विद्यार्थिनी होत्या. घरापासून जवळ असलेले महाविद्यालय हाच अनेकींच्या प्रवेशाचा आधार असतो. ते बंद झाल्यास मोठी प्रयोगशाळा उभी राहील, परंतु तेथवर पोहोचणे सर्वांनाच जमणार नाही.

म्हणून विलीनीकरणापूर्वी सामायिक प्रयोगशाळा, फिरते शिक्षक व स्थानिक उद्योगांतील प्रशिक्षण हे मार्ग अवलंबणे इष्ट ठरेल. लहान महाविद्यालयाची खरी उणीव विद्यार्थिसंख्येची नसून साधनांची आहे, आणि साधने वाटून घेता येतात.