चोराच्या वाटा

मे १९३५. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. न्यूयॉर्कहून आलेल्या बिल विल्सनचा धंद्यातला व्यवहार फिसकटला होता. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो येरझाऱ्या घालत होता. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले. एका टोकाला बार, तिथून हसण्याखिदळण्याचे आवाज. दुसऱ्या टोकाला टेलिफोन. बिल टेलिफोनकडे वळला आणि पाद्र्यांना एकामागून एक फोन लावत सुटला. मागणी अजब होती : गावातला एखादा दारुडा गाठून द्या!

दुसऱ्या दिवशी गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. पेशाने सर्जन, उपदेश ऐकून ऐकून विटलेले. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर रात्री अकरापर्यंत बसले, कारण समोरचा माणूस त्यांना शहाणपण शिकवत नव्हता, स्वतःची फजिती सांगत होता. पुढे एकदा त्यांचा पाय घसरला. त्यानंतर ऑपरेशनच्या सकाळी हात थरथरू नयेत म्हणून बिलनेच त्यांना बिअर दिली. ती त्यांची शेवटची. १० जून १९३५ हा दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

त्याआधीच्या महिन्यांत बिलने कितीतरी दारुड्यांचा पिच्छा पुरवला होता. एकही सुधारला नव्हता. मात्र त्या खटपटीत बिल स्वतः कोरडा राहिला होता.

पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही व्यसनातून बाहेर आलेले कितीतरी जण पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. त्यांचा उपयोग नेमका कुठे होतो? थापा पकडण्यात. ‘मित्राचे वडील अ‍ॅडमिट आहेत, दोन तास जाऊन येतो,’ असं कुणी म्हणालं की घरचे विरघळतात. जुना खेळाडू मात्र शांतपणे विचारतो, ‘कुठल्या दवाखान्यात? चल, मीही येतो.’ ही थाप त्यानेही कधीकाळी आईला मारलेली असते. पकडल्यावर तो हिणवत नाही, म्हणून समोरचाही फार वेळ चिडून बसत नाही.

तरीही हा माणूस डॉक्टर नव्हे. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर दोन-तीन दिवसांत भास होतात, फिट येते, जिवावरही बेततं. तिथे औषधच हवं. शिवाय रोज दुसऱ्याच्या व्यसनात डोकं घालताना याचाही तोल जाऊ शकतो. त्याची विचारपूस करणारं कुणी नसलं, तर एका पेशंटच्या जागी दोन व्हायचे.

मानसिक आजारांतही अशी सोबत कामी येते. तिथे मराठीने दोन सुंदर शब्द घडवले : आजार असलेला तो शुभार्थी, त्याला सांभाळणारा तो शुभंकर. कॅनडात स्थायिक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनियासाठी संस्था उभी राहिली. तिच्याच प्रयत्नांतून या आजारावरचा २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपट आला. शुभार्थी आणि शुभंकरांच्या स्वमदत गटांत गोळ्यांनी वाढणाऱ्या वजनापासून लग्नाआधी आजार सांगावा की नाही इथपर्यंत बोलणं होतं. दवाखान्यातल्या घाईत हे प्रश्न राहून जातात.

अमेरिकेत जॉर्जिया राज्याने स्वतःच्या अनुभवातून दुसऱ्याला आधार देण्याच्या या कामाला प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि सरकारी आरोग्य योजनेतून मोबदला मिळवून दिला. इतर राज्यं मागोमाग आली. आपल्याकडे अजून नोकरीच्या अर्जात ‘अनुभव’ या रकान्याखाली बारा वर्षांची दारू आणि सहा सोबर वर्षं लिहायची कुणाची हिंमत होत नाही.