दर आठवड्याला एक तास

जमैकाची राजधानी किंग्स्टन. १९८६-८७ च्या सुमारास तिथल्या गरीब वस्त्यांत काही बाया पिशवी घेऊन घरोघर जाऊ लागल्या. पिशवीत काय, तर प्लास्टिकच्या बाटलीत खडे घालून केलेला खुळखुळा, लाकडी ठोकळे, हातानं चितारलेलं चित्रांचं पुस्तक. या बाया ना डॉक्टर ना शिक्षिका. सरकारी आरोग्यसेवेतल्या साध्या कार्यकर्त्या, आपल्या आशाताईंसारख्याच.

डॉ. सॅली ग्रॅन्थॅम-मॅकग्रेगर यांनी या वस्त्यांतली ९ ते २४ महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली आणि त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दूधयुक्त पूरक आहार, दुसऱ्याला आठवड्यातून एक तासाची गृहभेट, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला यातलं काहीच नाही. हा क्रम दोन वर्षं चालला.

त्या एका तासात ताई बाळाशी फार वेळ खेळत बसत नसे. एखादा खेळ ती करून दाखवी आणि मग ठोकळे आईच्या हाती देई. आई चाचरत सुरुवात करी. ठोकळ्यावर ठोकळा चढला की बाळाचं कौतुक होई, आणि आईचंही. आंघोळ घालताना नाक-कान-डोळ्यांची नावं घ्यायची, स्वयंपाक करताना बाळाशी बोलत राहायचं, असं घरच्या कामात बसणारं सुचवलं जाई. निघताना खेळणी तिथंच ठेवायची, पुढच्या खेपेला ती बदलून नवी द्यायची. म्हणजे खरी शिकवणी आईची चाले. ताई आठवड्यातला एक तास येणार. उरलेला सगळा वेळ बाळ आईच्याच हाताखाली.

मुलं २२ वर्षांची झाल्यावर अर्थतज्ज्ञ पॉल गर्टलर, जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना पुन्हा गाठलं. गृहभेटी मिळालेल्या मुलांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त भरली. वाढ न खुंटलेल्या मुलांची त्यांनी बरोबरी गाठली होती. २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. नुसता आहार मिळालेल्यांच्या कमाईत मात्र तसा फरक दिसला नाही. पोषण म्हटलं की आपली नजर ताटावर जाते. हा निष्कर्ष म्हणूनच खुपतो. अर्थात १२९ मुलांच्या अभ्यासावरून आहाराला बिनकामाचा ठरवणं हा उतावीळपणा होईल.

हाच नमुना कोलंबियात मोठ्या प्रमाणावर नेला गेला. ९६ नगरपालिकांच्या हद्दीतली हजारावर मुलं, आणि घरी जाणाऱ्या स्थानिक बाया. दीड वर्षानं मुलांच्या आकलनात सुधारणा दिसली. भेटी थांबल्यावर दोन वर्षांनी पुन्हा तपासलं, तर ती पुसली गेली होती. असे निकाल जमैकाइतके गाजत नाहीत. कार्यक्रम आखणाऱ्यांनी आधी वाचावेत ते हेच.

आपल्याकडे गृहभेटीची परंपरा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यातल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि पुढे आशाताईंच्या नवजात बाळाच्या भेटी देशभर सुरू झाल्या. २०१८ पासून त्यात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या भेटींची भर पडली. वजन, लसीकरण, वरचा आहार, लोहाचं औषध, हात धुणं, आणि बाळाशी बोला-खेळा हेही. एका भेटीचे ५० रुपये. जमैकात दोन वर्षांत शंभराच्या घरात भेटी झाल्या, इथं पाच. आशाताईंच्या कामाची यादी आधीच लांबलचक. त्यात खेळाला वेळ उरला तर उरला.

मग प्रत्येक घरी दर आठवड्याला जाणं परवडणार कसं? यावर ओडिशातल्या १९२ गावांत एक तोडगा तपासला गेला. काही गावांत घरोघरी भेटी दिल्या, काहींत आया आणि मुलांना गटानं एकत्र बसवून तेच खेळ घेतले. २०२० मध्ये निकाल छापून आला: मुलांच्या विकासाला दोन्हींचा फायदा सारखाच झाला, आणि गटाचा खर्च घरभेटींच्या मानानं कितीतरी कमी होता. गटासाठी जागा, सतरंजी आणि खेळण्यांची पेटी लागते. आपल्या गावोगावच्या अंगणवाडीत यातलं बरंचसं आधीपासून आहे. आठवड्यातला तो तास सेविकेच्या रजिस्टरातून काढायचा कसा, हे अजून ठरायचं आहे.