माणूस धरावा कीं जागा धरावी ?

फुटबॉलचा सामना रंगांत आलेला असतो. मैदानाच्या कोपऱ्यांतून चेंडू येतो, गर्दींतून एखादा उंच खेळाडू उसळी घेऊन डोकें लावतो आणि गोल होतो. लागलीच घरांतील प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, "ह्याला धरायला कोण होतें ?" दूरदर्शनवरील समालोचकहि बहुधा हाच प्रश्न विचारतो. कांहीं संघांच्या बाबतींत ह्या प्रश्नाला उत्तरच नसतें. कारण त्या खेळाडूला धरण्याचें काम कोणाकडेच दिलेलें नसतें, आणि तें बुद्ध्याच दिलेलें नसतें. आजच्या भाषणाचा विषय ही पद्धति होय. इंग्रजींत तिला झोनल डिफेन्स म्हणतात. मराठींत 'क्षेत्ररक्षण' म्हणावें, तर तो शब्द क्रिकेटनें आधींच बळकाविला आहे. म्हणून आपण तिला 'जागा धरणें' म्हणूं, आणि तिच्या उलट पद्धतीला 'माणूस धरणें'.

माणूस धरणें समजावयास सोपें आहे. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम सैल झाला. तोंपर्यंत पुढें धांवून चेंडू घेणाराच्या समोर प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असावे लागत. ते दोन पुरेसे झाले. त्यामुळें गोलांचा सुकाळ झाला आणि बचाव करणारांची त्रेधा उडाली. लंडनच्या आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन ह्यांनीं मधला हाफ मागें ओढून दोन बॅकांच्या मध्यें उभा केला. प्रतिपक्षाच्या सेंटर फॉरवर्डची सांवली व्हावयाचें, हें त्याचें मुख्य काम. पाहतां पाहतां मैदानभर जोड्या लागल्या. कोणीं कोणास धरावयाचें हें पाठीवरच्या आंकड्यावरून ठरूं लागलें.

ह्या व्यवस्थेंतील वर्म २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं वेंब्लेच्या मैदानावर उघडें पडलें. हंगेरीचा हिडेग्कुटी पाठीवर ९ आंकडा लावून उतरला, म्हणजे रिवाजाप्रमाणें तो सेंटर फॉरवर्ड. पण तो पुढें उभाच राहीना. तो मैदानाच्या मध्याकडे मागें सरके. इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनपुढें मोठें कोडें पडलें. त्याच्यामागें जावें तर गोलासमोरची जागा ओस पडते. न जावें तर तो मोकळा राहून वाटेल तसे पास देतो. हंगेरीनें तो सामना ६-३ असा जिंकला, त्यांतील तीन गोल एकट्या हिडेग्कुटीचे. माणूस धरणारा बचाव स्वतः कोठें असावा, हें प्रतिपक्षाच्या हातीं सोंपवितो. शत्रूनें न्यावें तेथें आपला पहारेकरी जातो. माझ्या मतें ह्या पद्धतीचा हाच मूळ दोष.

आतां जागा धरणें म्हणजे काय तें पाहूं. कित्येकांची अशी समजूत असते कीं, मैदानाचे तुकडे पाडून प्रत्येकाला एकेक नेमून दिला कीं झालें. थोडा हिशेब करा. मोठ्या सामन्यांचें मैदान सामान्यतः १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतें, म्हणजे ७१४० चौरस मीटर. गोलरक्षक सोडून दहा जणांत तें वांटलें तर प्रत्येकास ७१४ चौरस मीटर येतात. एवढ्या पटांगणावर पहारा करणें एकट्याला शक्य नाहीं. परंतु हेच दहा जण ४० मीटर लांब आणि ३५ मीटर रुंद अशा आयतांत एकत्र राहिले, तर प्रत्येकाकडे अवघे १४० चौरस मीटर उरतात, जवळ जवळ पांचवा हिस्सा. मात्र हा आयत जमिनीवर आंखलेला नसून चेंडूबरोबर सरकत असतो. बाकीचें मैदान मोकळें टाकलेलें असतें. पण तेथें चेंडूहि नसतो.

नभोवाणीवर आकृति काढतां येत नाहीं, म्हणून आपण मेजावर चार नाणीं एका आडव्या ओळींत मांडा. हे आपले चार बॅक. त्यांच्या मागें, तुमच्या बाजूस, आपला गोल. एक बटण घ्या, तो चेंडू. बटण समोर उजव्या कडेला ठेवा. उजवें नाणें बटणाकडे पुढें सरकवा. बाकीचीं तीन जागींच राहिलीं, तर मध्यें भगदाड पडेल. म्हणून दुसरें नाणें पहिल्याच्या किंचित् मागें, तिरपें आणा. पहिला चुकला तर हा आहे. तिसरें त्याच्या बाजूला सरकवा. आणि चौथें, जें डाव्या कडेला होतें, तें थेट मैदानाच्या मध्याजवळ आणा.

आतां डाव्या कडेवर प्रतिपक्षाचा एक गडी एकटाच उभा आहे, आणि प्रेक्षक ओरडतात, "अरे, तो मोकळा आहे !" आहेच; तो मोकळा ठेवलेला आहे. एका कडेवरून दुसरीकडे उंच फटका मारला, तर चेंडू हवेंत दोन-अडीच सेकंद राहतो, आणि तेवढ्यांत नाण्यांची ओळ दहा-बारा मीटर डावीकडे सरकते. अर्थात् फटका मारणाराला निवांत मान वर करूं दिली, तर हा हिशेब चुकतो. म्हणून एकानें चेंडूवाल्याला सतत भिडलेंच पाहिजे. तो भिडला असेल तर ओळ पुढें चढते आणि प्रतिपक्षाच्या आघाडीला ऑफसाइडच्या भीतीनें मागें हटावें लागतें. तो भिडला नसेल तर ओळीनें मुकाट्यानें मागें यावें.

आणि धांवणारा गडी एका नाण्यासमोरून दुसऱ्यासमोर गेला तर ? आपल्याकडील आट्यापाट्या ज्यांनीं खेळल्या आहेत, त्यांस हें सांगावयास नको. पाटीवरचा गडी आपली पाटी सोडून कोणाचा पाठलाग करीत नाहीं; निसटलेला गडी पुढच्या पाटीवाल्याचा. फरक इतकाच कीं, फुटबॉलमध्यें पाट्या अदृश्य असतात आणि क्षणोक्षणीं हालतात. त्यामुळें शेजाऱ्याला ओरडून सांगावें लागतें. जेथें हें बोलणें थांबलें तेथें बारभाईंचा कारभार झालाच म्हणून समजा. दोन बॅकांच्या बरोबर मध्यें शिरणारा खेळाडू दोघांचा असतो, आणि म्हणूनच पुष्कळदां कोणाचाच नसतो. हुशार आघाडीवीर नेमका तेथेंच घुटमळतो.

ब्राझीलनें १९५८ सालीं स्वीडनमध्यें विश्वचषक जिंकला तेव्हां त्यांच्या चार बॅकांची ओळ ह्याच तत्त्वावर उभी होती. पहिल्या चार सामन्यांत त्यांच्यावर एकहि गोल झाला नाहीं. परंतु ही विद्या परिपूर्ण झाली ती इटलींत, आणि हें नवलच. कारण माणूस धरावा आणि पाठीशीं एक मोकळा बॅक ठेवावा, ही तेथील जुनी परंपरा. १९८३ सालीं रोमा संघ लीडहोल्म ह्यांच्या हाताखालीं जागा धरून अजिंक्य ठरला होता. पुढें १९८७ सालीं मिलानकडे आलेले आरिगो साक्की हे स्वतः नांवाजलेले खेळाडू कधींच नव्हते. वडिलांच्या जोड्यांच्या कारखान्यांत त्यांनीं काम केलें होतें. ते चेंडूवांचून सराव घेत. चेंडू अमुक ठिकाणीं आहे असें पुकारावयाचें, आणि सर्वांनीं त्याप्रमाणें सरकावयाचें. चेंडू, जागा, प्रतिपक्षी आणि सोबती ह्या चार खुणांवरून खेळाडूनें आपलें स्थान ठरवावें, अशी त्यांची शिकवण. पहिल्याच हंगामांत मिलाननें ३० सामन्यांत फक्त १४ गोल होऊं दिले व विजेतेपद मिळविलें. १९ एप्रिल १९८९ रोजीं त्याच संघानें रेआल माद्रिदचा ५-० असा धुव्वा उडविला.

राहतां राहिली कॉर्नरची गोष्ट. तेथें ही पद्धति खरोखरच अडचणींत येते. कॉर्नरवरून थेट येणाऱ्या चेंडूला ऑफसाइड नाहीं. म्हणजे ओळीचें मुख्य हत्यारच गेलें. शिवाय जागेवर उभा असलेला मनुष्य धांवत येणाऱ्याइतकी उंच उडी घेऊं शकत नाहीं. तरीपण गोल झाल्यावर साऱ्या पद्धतीलाच नांवें ठेवतात, तें मला अन्यायाचें वाटतें. माणूस धरणाऱ्या संघावरहि कॉर्नरवरून गोल होतात. पण तेथें अमक्याचा माणूस सुटला म्हणून एक गुन्हेगार सांपडतो आणि पद्धति निर्दोष सुटते. जागा धरली असतां बोट कोणाकडे दाखवावें हें न कळल्यामुळें तें पद्धतीकडेच वळतें. आतां बहुतेक मोठे संघ दोहोंचें मिश्रण करतात. चार-पांच उंच गडी गोलापासून पांच-सहा मीटरांवर ओळींत उभे राहून चेंडूवरच झेप घेतात, आणि दोघे-तिघे पुढें जाऊन धांवत येणारांच्या वाटेंत आडवे होतात, म्हणजे त्यांची धांव मोडते.