न्यूमोनिया विरत नाही तेव्हा

फुफ्फुसाचा कर्करोग म्हटलं की गाठ डोळ्यांपुढे येते. पण एका प्रकारात धड गाठ दिसतच नाही. सीटी स्कॅनवर फुफ्फुसाचा एखादा भाग पांढरा पडलेला असतो, त्यातून श्वासनलिकांच्या काळ्या रेषा जातात, आणि पाहणारा सहज म्हणतो, न्यूमोनिया!

हा म्युसिनस ॲडिनोकार्सिनोमा. २०११पूर्वीच्या पुस्तकांत तो ‘ब्राँकिओअल्व्हिओलर कार्सिनोमा’ या नावाखाली सापडेल. याच्या पेशी बऱ्याच अंशी वायुकोशांच्या भिंतींना अस्तर लावल्यासारख्या पसरतात. सांगाडा टिकून राहतो, आतली पोकळी मात्र चिकट स्रावाने भरते. हवेची जागा पूने घेतली काय नि या स्रावाने घेतली काय, एक्स-रेवर दोन्ही पांढरंच. कॉन्ट्रास्ट दिल्यावर त्या भागातून रक्तवाहिन्या झळकतात. ही खूण एके काळी हुकमी मानली जाई, पुढे ती साध्या न्यूमोनियातही आढळली. पेट स्कॅनसुद्धा दगा देऊ शकतो. स्राव भरपूर आणि पेशी विरळ, म्हणून किरणोत्सारी साखर तिथे फारशी साठत नाही. उलट निव्वळ टीबीची गाठ त्यात लखलखते.

(मेंढ्यांना याच्याशी मिळताजुळता कर्करोग विषाणूमुळे होतो. क्लोन केलेल्या डॉलीला २००३ साली त्यापायीच दयामरण द्यावं लागलं. माणसात असा विषाणू सिद्ध झालेला नाही.)

मग रेडिओलॉजिस्ट काय मागतो? जुनी फिल्म. न्यूमोनिया बहुधा दीड-दोन महिन्यांत विरतो, वयस्कर माणसात थोडा रेंगाळतो. ताप नाही, अँटिबायोटिकचे कोर्स झाले, तरी डाग तसाच किंवा वाढलेला असेल, तर संशय घ्यायलाच हवा. माझ्या मते फिल्मचा जुना लिफाफा रद्दीत टाकणं ही आपल्या घरांतली सर्वांत महागडी आवराआवर आहे.

आपल्याकडे वाटेत टीबी आडवा येतो. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी एक्स-रेवरून गोळ्या सुरू होतात नि महिने निघून जातात. फुफ्फुसाच्या कर्करोगाचं आणखी एक रूप तर मिलिअरी टीबीची हुबेहूब नक्कल करतं: दोन्ही फुफ्फुसांत एक ते तीन मिलिमीटरचे असंख्य ठिपके. ईजीएफआर जनुकात बिघाड असलेल्या कर्करोगात हे चित्र दिसू शकतं, कधी सिगारेटला हातही न लावलेल्या माणसात. त्यावर जेफिटिनिब, ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्या आहेत. पण त्याआधी तुकडा काढून पॅथॉलॉजिस्टकडे आणि जनुकचाचणीला पाठवावा लागतो, फिल्म कितीही बोलकी असली तरी.