हाँगकाँगचा कँटनी कलाचित्रपट : काही नोंदी

भाषा : दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात, तसेच हाँगकाँग व मकाव येथे प्रचलित, लेखन चिनी लिपीतच, परंतु केवळ मँडरिन जाणणाऱ्यास कानाने सहसा न उमगणारी.

खंड : मँडरिन चित्रपटांच्या वर्चस्वामुळे १९७२ च्या सुमारास कँटनी चित्रनिर्मिती जवळजवळ ठप्प झाली, १९७३ साली चोर युएन यांच्या ‘द हाउस ऑफ ७२ टेनंट्स’ने तिला पुन्हा प्रेक्षक मिळवून दिला.

नवप्रवाह : १९७९ पासून. ॲन हुई, त्सुई हार्क, पॅट्रिक टॅम. तिघांचीही उमेदवारी दूरचित्रवाणीत झालेली.

वाँग कार-वाई : ‘हॅपी टुगेदर’साठी १९९७ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक. ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००) या चित्रपटात, शेजारी राहणाऱ्या दोन विवाहितांना आपापल्या जोडीदारांचे परस्परांशी असलेले संबंध हळूहळू कळत जातात. त्यातील हाँगकाँग १९६२ चे असले, तरी चित्रीकरणाचा बराच भाग बँकॉकमध्ये झाला, आणि कँटनी संवादांच्या जोडीला शांघायी बोलीही ऐकू येते, हे लक्षात ठेवण्याजोगे. नायक टोनी लिऊंग यांस कानचे अभिनयपारितोषिक. छायालेखन मुख्यतः ख्रिस्तोफर डॉयल व मार्क ली पिंग-बिन यांचे.

सत्तांतर : १ जुलै १९९७ रोजी ब्रिटिश अंमल समाप्त, त्याच वर्षी फ्रूट चॅन यांचा, इतरांच्या चित्रीकरणातून उरलेल्या कच्च्या फिल्मवर टिपलेला ‘मेड इन हाँगकाँग’.

उत्तरकाळ : ॲन हुई यांच्या ‘अ सिंपल लाइफ’मधील वृद्ध मोलकरणीच्या भूमिकेसाठी डीनी यिप यांस २०११ साली व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक.