मीटर घ्यायच्या आधी पाच प्रश्न: बारीक करंट मोजायचा कसा?

जतसारख्या तालुक्याच्या गावात ऑटो इलेक्ट्रिकचं किंवा मोटर दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "सर, मीटर कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, मोजायचंय काय?

दोन गिऱ्हाइकं बघा. एकाचा ट्रॅक्टर आठ-दहा दिवस उभा राहिला की सेल्फ घेत नाही. दुसऱ्याच्या घरी बोअरची मोटर चालू असताना आरसीसीबी अधूनमधून पडते. दोन्हीकडे बारीक करंट गळतोय, पण मोजायची पद्धत वेगळी.

म्हणून आधी वहीत लिहा:

१. करंट एसी की डीसी?
२. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती?
३. किती बारकाव्याने कळायला हवा?
४. वायर सोडवता येते का?
५. एकदा बघायचं की बराच वेळ नोंद ठेवायची?

आता ट्रॅक्टर. डीसी, बॅटरीची वायर सोडवता येते. ३०० मिलीअँप गळत असतील तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास जातात. ७५ची बॅटरी साधारण दहा दिवसांत रिकामी, आणि सेल्फ त्याच्या आधीच बंद. इथे साधा मल्टिमीटर सिरीजमध्ये लावला तरी भागतं. सुरुवात १० अँपच्या सॉकेटपासून करा. मिलीअँपच्या सॉकेटचा फ्यूज बऱ्याच मीटरमध्ये २०० मिलीअँपचाच असतो. आणि मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका!

मोटरचं गणित वेगळं. एसी, २३० व्होल्ट, त्यामुळे वायर सोडवून मीटर घालणं जिवावरचं काम. घरची आरसीसीबी बहुतेक ३० मिलीअँपची, ती १५ ते ३०च्या मधे कुठेही पडू शकते. ०.१ अँपच्या पायरीने दाखवणारा साधा क्लॅम्प इथे शून्यच दाखवणार. इथे लीकेज क्लॅम्पच हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र जबड्यात घ्यायचे; जो फरक दिसेल तीच गळती. मोटर अधूनमधूनच त्रास देत असेल, तर सर्वात जास्त आकडा धरून ठेवणारा मीटर बघा.

आणखी एक. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात. ट्रॅक्टरसाठी तो घेतला तर पैसे पाण्यात.

दुकानाचं भांडवल मोजकंच असतं. आठवड्यात जे काम जास्त येतं, त्याचा मीटर आधी घ्या. दुकानदाराला "चांगला मीटर द्या" म्हणू नका, पाच उत्तरांचा कागद पुढे ठेवा.