प्लेटमधल्या पेशी मेल्या, म्हणजे औषध सापडलं का?

‘अमक्या झाडाच्या पाल्याने पोटाचा कॅन्सर बरा होतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं!’ असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरून गेला असेल. गंमत म्हणजे, असे सगळेच मेसेज हवेतले नसतात. कुठल्यातरी प्रयोगशाळेत तसा प्रयोग खरंच झालेला असतो. प्रश्न आहे तो त्यातून काय सिद्ध होतं, हा.

पाला सुकवून पूड करतात, ती मिथेनॉलमध्ये किंवा पाण्यात भिजवून अर्क काढतात. तो घालतात ‘एजीएस’सारख्या पेशींवर. या पेशी मुळात एका रुग्णाच्या जठरातल्या गाठीतून घेतलेल्या, आणि गेली अनेक वर्षं प्रयोगशाळांमध्ये वाढवल्या जाणाऱ्या. पुण्यातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातल्या संशोधकांना अशा पेशी पुरवतं. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, खळग्यागणिक अर्काचं प्रमाण बदलायचं आणि एक-दोन दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात. जांभळा रंग जितका फिका, तितक्या जिवंत पेशी कमी.

ज्या प्रमाणाला हा आकडा निम्म्यावर येतो, त्याला ‘आयसी-50’ म्हणतात. कच्च्या अर्कासाठी तो मिलिलिटरला साधारण 30 मायक्रोग्रॅमच्या आत असेल, तर पुढे बघण्यासारखं आहे असं मानतात. पण प्लेटमधल्या पेशी ब्लीचनेही मरतात! म्हणून निरोगी पेशींवरही तोच अर्क घालून बघावा लागतो. बातमीत नेमकी हीच ओळ गाळलेली असते.

आता मुळशीकडे येऊ. ताम्हिणीच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे, फुलांना दुर्गंधी येणारं. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मोनरो वॉल यांनी 1966 साली अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. 1972 साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं.

मग औषध लगेच आलं? नाही. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला गेला. त्या रूपात कॅन्सरवरचा जोर ओसरला. शिवाय मूत्राशयातल्या आम्ल लघवीत द्रव्य मूळ रूपात परतायचं आणि तिथेच इजा करायचं. काहींना लघवीतून रक्त जाऊ लागलं. चाचण्या थांबल्या. प्लेटला मूत्राशय नसतं, त्यामुळे तिथे हे कळण्याची सोयच नव्हती.

1985 च्या सुमारास हे द्रव्य पेशीतल्या नेमक्या कोणत्या एन्झाइमला अडवतं ते समजलं. रेणूत बदल करून बनवलेल्या इरिनोटेकानला अमेरिकेत मान्यता मिळाली 1996 साली, म्हणजे 30 वर्षांनी. ते मुख्यतः मोठ्या आतड्याच्या, आणि काही वेळा जठराच्या कॅन्सरवर वापरतात. सलाईनमधून, मोजून, रक्त तपासत. तरीही तीव्र जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घसरतात.

नरक्याचा काढा घरी उकळणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. किती द्रव्य उतरलं हेही त्याला ठाऊक नसतं. आणि त्या लाकडाच्या मागणीपायी सह्याद्रीतली झाडं मुळासकट तोडून चोरून नेली जातात, ती वेगळीच.